नळाला जोडलेली गिटार

मी स्वतःच्या हातांनी बनवलेला गिटारचा ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला, तेव्हा समोरचे भगवंतभाऊ बनियनवरच बाहेर धावत आले आणि म्हणाले, "तायडेसायेब, चक्की टाकली काय घरात? जेवारी आनू काय दळाले?"

आत माझी मुलगी करिश्मा गिटारवर एक हळुवार सूर छेडत होती. तारेवरून निघेपर्यंत तो हळुवारच होता. ॲम्प्लिफायरच्या पोटातून बाहेर पडताना मात्र तो असा फाटून, खरडून, गुरगुरत येत होता की करिश्मानं गिटार मांडीवरून उतरवून ठेवली. "बाबा, हे गिटार वाटते काय तुमाले?" तिनं विचारलं. मला ते गिटार वाटत नव्हतं, पण बापानं इतक्या लवकर कबुली द्यायची नसते.

बाजारात तयार ॲम्प्लिफायर मिळतो हे मला ठाऊक आहे. कृपया कुणी पुन्हा सांगू नये. तीन महिन्यांत निम्म्या अमरावतीनं मला ते सांगून झालेलं आहे. पण ज्याच्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर पडून आहे, आणि ज्यानं तरुणपणी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स पूर्ण केलेला आहे (प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंय, पाहिजे तर दाखवतो), त्या माणसानं दुकानात जाऊन चिनी डबा आणावा, हे मला पटत नव्हतं. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बासारखी काचेची नळी. तापली की आत मंद केशरी उजेड पडतो आणि मगच आवाज येतो. आमचे वडील शेषराव त्या उजेडाकडे पाहत बातम्या ऐकायचे. ते व्हॉल्व्ह मी काढले, ट्रान्सफॉर्मर काढला, आणि सगळं वरूडहून आलेल्या संत्र्याच्या लाकडी पेटीत बसवलं. पेटीवर 'नाजूक माल' असा शिक्का होता. तो मी मुद्दाम राहू दिला.

प्रश्न तेरा एप्रिलचा होता. चौदाला सगळी गल्ली शहरातल्या मोठ्या मिरवणुकीत जाते, म्हणून आमच्या गल्लीची जयंती आदल्या संध्याकाळी होते. मागच्या वर्षी करिश्मानं तिथं गिटार वाजवली होती, पण शेजारी डीजे लावलेला. "मी काय वाजवलं ते मलेच ऐकू नाई आलं, बाबा," असं घरी येऊन ती म्हणाली आणि जेवली नाही. यंदा तिनं चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर स्वतः एक गाणं रचलं होतं. एक गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. जयंती समितीचे अध्यक्ष नागसेनसर हायस्कूलमध्ये गणित शिकवतात, म्हणून त्यांनी अट घातली. "तायडे, आवाज स्वच्छ असंन तं पोरीचं गानं. नाई तं डीजे. दहा तारखेले परीक्षा घेतो मी तुमच्या डब्ब्याची."

म्हणजे परीक्षा माझी होती, आणि नापास करिश्मा होणार होती.

भगवंतभाऊ बडनेऱ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. विजेचं काहीही असलं की ते स्वतःला बोलावणं आलंय असं समजतात. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "अर्थिंग नाई याले. अंगनातल्या नळाचा पाइप लोखंडी हाये ना? त्याले तार बांधा. आमी रेल्वेत असंच करो." मी तार बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू केला तर आवाज एकदम स्वच्छ! सूर कसा कोऱ्या कागदावर शाई उतरावी तसा उतरत होता. भगवंतभाऊंची मान तीन इंच वर गेली. मी त्यांना चहा पाजला, वर चिवडा दिला.

तिसऱ्या दिवशी चक्की परत आली, आणि आता तिच्यात भुंगेही होते.

मी सगळे कंडेन्सर बदलले. चौथ्या दिवशी स्वच्छ! मी पेढे आणले. पाचव्या दिवशी पेढे संपायच्या आत गुरगुर सुरू. मी व्हॉल्व्ह बदलला. सहाव्या दिवशी स्वच्छ, सातव्या दिवशी पुन्हा तेच. मी ज्या दिवशी जे काही बदलत होतो, दुसऱ्या दिवशी त्याला यश येत होतं, आणि तिसऱ्या दिवशी ते यश काढून घेतलं जात होतं. ऑफिसातून सव्वासहाला घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि साडेसहाला पेटीपुढे बसायचं, हा माझा नेम झाला. कपाळावर सोल्डरचा चटका बसला तो याच काळात.

या सगळ्यात मला एकाच माणसाचा भक्कम आधार होता, तो म्हणजे माझी बायको माया. एरवी मी खिळा ठोकला तरी "भिंत पाडाल" म्हणणारी ही बाई ॲम्प्लिफायरच्या बाबतीत कमालीची उदार होती. मी कंटाळून बंद करायला गेलो की आतून ओरडायची, "राहू द्या ना चालू! मोठ्यानं वाजवा उलीसा. मले चांगलं वाटते." जितका आवाज घाण, तितकं तिला चांगलं वाटायचं. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायको आपल्या कलेला अशी साथ देते म्हटल्यावर माझे डोळे एकदोनदा खरोखर पाणावले, हे मी लपवत नाही.

शेजारीही तसेच. "वाजवा सायेब, लाजू नका," म्हणायचे. भिंतीला भिंत लागून घरं, संध्याकाळी तासभर गुरगुर, आणि एकानंही तक्रार केली नाही. अशी गल्ली मिळायला भाग्य लागतं, असं मी ऑफिसात सांगत असे.

ऑफिसचं आलंच आहे तर सांगून टाकतो. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. कोणत्या भागात कोणत्या वारी नळ येणार, ते वेळापत्रक मीच टाइप करतो. 'नळास थेट विद्युत मोटार जोडून पाणी ओढणे हा दंडनीय अपराध आहे' हे वाक्यही माझंच. त्यातला 'दंडनीय' साहेबांनी घातला, बाकी मूळ मसुदा माझा. मागच्या दिवाळीत साहेबांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला आपापल्या गल्लीची मोटार-तपासणी करायला लावली. मी नियमाप्रमाणे आदल्या दिवशी प्रत्येक घरी लेखी सूचना दिली आणि दुसऱ्या दिवशी तपासणी केली. बावीस घरं, बावीस कप चहा, मोटार एकही नाही. माझा अहवाल वाचून साहेबांनी आमच्या गल्लीला 'आदर्श गल्ली' म्हटलं. तशी पाटी गल्लीच्या तोंडाशी लागली आहे. तिच्या खाली 'सौजन्य' म्हणून माझं नाव आहे, जरा बारीक अक्षरात.

आदर्श गल्लीत तक्रार करणारी एकच बाई होती, सुंदराबाई. आमच्यापासून अकरा घरं पुढे, गल्लीच्या अगदी शेवटाला त्या एकट्या राहतात. वय सत्तरच्या पुढे. त्यांच्या नळाला पाणी येत नाही, असा त्यांचा अर्ज दर दोन महिन्यांनी माझ्या टेबलावर यायचा. त्या स्वतः ऑटोनं ऑफिसात यायच्या. मी एकदा म्हटलं, "काकी, घरीच सांगायचं ना मला, इतक्या उन्हात कशाला आलात?" तर म्हणाल्या, "घरी सांगतलं तं नुस्तं तोंडी होते, बाप्पा. अथी सांगतलं तं ठप्पा भेटते." मी ठप्पा मारायचो आणि उत्तर पाठवायचो, 'आपल्या भागातील पाण्याचा दाब समाधानकारक असल्याचे आढळून आले आहे.' आणि ते खोटं नव्हतं. मी स्वतः माझ्या घरचा नळ पाहिला होता. धो धो यायचा. असे नऊ अर्ज, नऊ ठप्पे, नऊ उत्तरं झाली होती. सुंदराबाई हापशीवरून पाणी आणायच्या आणि घरच्या नळाची तोटी कायम उघडी ठेवायच्या, खाली बकेट लावून. "आलं तं आलं," म्हणायच्या.

असो. मी ॲम्प्लिफायरबद्दल सांगत होतो.

मार्चअखेर मी एके संध्याकाळी ओसरीवर बसून माझं संशोधन मांडलं. भगवंतभाऊ होते, नागसेनसर होते, माया चहा देत होती. मी म्हटलं, "एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. हा दोष एकांतऱ्या तापासारखा आहे. एक दिवस येतो, एक दिवस नाही. बरोबर एक दिवसाआड, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास."

भगवंतभाऊंना ठसका लागला. मायाच्या हातातून बशी निसटली. नागसेनसर आढ्याकडे पाहत म्हणाले, "योगायोग असते तायडे. गनितात याले योगायोगच म्हंतात." माझ्या निरीक्षणशक्तीनं मंडळी थक्क झाली, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून सल्ल्यांचा पूर आला. पाल शिरली असंन, पेटी उलटी करून झटका. पेटीचं लाकूड संत्र्याचा वास धरून राहिलं, त्यानं तार गंजते. मोबाइलच्या टॉवरचं तोंड इकडे फिरवलं आहे. भगवंतभाऊंनी तर वाऱ्याची दिशा तपासायला लावली. मी गच्चीवर रुमाल घेऊन उभा राहिलो. रुमाल हलला, आवाज हलला नाही. अर्थिंगच्या तारेविषयी मात्र भगवंतभाऊ अलीकडे काही बोलत नव्हते. उलट एकदा हळूच म्हणाले, "ते तार काढून पाह्यली तं?" पण पहिल्या दिवशी त्याच तारेनं यश आलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा शोध आहे तो. तुमचा अपमान मी होऊ देणार नाही." 

शेवटी मी एक रविवार धरून अकोल्याला जायचं ठरवलं. तिथं वामनराव म्हणून एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक आहेत, व्हॉल्व्हच्या काळातले. बडनेरा स्टेशनवर रेल्वे पोलिसानं पेटीला काठी टेकवली.

"काय हाये याच्यात?"

"ॲम्प्लिफायर."

"पेटी तं संत्र्याची दिसते."

"संत्री काढून घेतली आहेत."

"काहून?"

मी 'नाजूक माल' या शिक्क्यावर बोट ठेवलं. झाकण उघडायला लावलं. आत काचेच्या नळ्या, तारा, एक काळा जड ट्रान्सफॉर्मर. भोवतालचे प्रवासी चार पावलं मागे सरकले, आणि मी, शासकीय कर्मचारी, छातीशी ओळखपत्र धरून फलाटावर सिद्ध करत बसलो की हे गाणं वाजवायचं यंत्र आहे. "मंग वाजवून दाखवा," पोलीस म्हणाला. वाजवायला वीज नव्हती, गिटार नव्हती. अखेर त्यानं विचारलं की नोकरी कुठे करता. मी सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याच्या घरी नळाला पाणी येत नव्हतं. गाडी येईपर्यंत मी त्याचा अर्ज लिहून दिला.

वामनरावांनी पेटी टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि दुकानातला टेपरेकॉर्डर जोडून चालू केली. आवाज स्वच्छ. दुपारभर चालवली, स्वच्छ. साडेसहाला मी म्हटलं, "आता बघा." आवाज स्वच्छ!  डॉक्टरपुढे पोराचा ताप उतरावा तशी माझी गत झाली.

वामनराव म्हणाले, "दोष याच्यात नाई भाऊ. काम एक नंबर केलं तुमी. दोष तुमच्या घरात हाये."

माझ्या घराविषयी परक्या माणसानं असं बोलावं, हे मला लागलं. मी ताठ होऊन म्हटलं, "आमच्या घरात काही दोष नाही. आमची गल्ली आदर्श आहे."

"अर्थिंग कोठी देल्ली?"

"नळाच्या पाइपाला."

वामनराव बराच वेळ हसले. मग पेटीचं झाकण लावून म्हणाले, "मंग त्या नळालेच इचारा."

मी नळाला विचारलं नाही, पण घरी येऊन पाइपाचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला आणि साध्या तारेऐवजी जाड तांब्याची तार घट्ट आवळून बांधली. तिसऱ्या दिवशीची गुरगुर अशी होती की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. माया आतून म्हणाली, "बम मस्त!"

दहा एप्रिलची परीक्षा आली. खरं म्हणजे मी नऊ म्हणत होतो, पण नागसेनसर "नऊ नाई, दहाच," यावर अडून बसले. गणिताच्या माणसांचं काही सांगता येत नाही. दहा तारखेला आवाज लख्ख होता. सरांनी डीजेवाल्याला फोन करून 'नको' म्हणून कळवलं. करिश्मानं माझ्याकडे पाहिलं आणि नुसती हसली. तीन महिन्यांचे चटके त्या हसण्यात वसूल झाले. मी लगेच म्हटलं, "तेरालाही असाच वाजेल." ती म्हणाली, "वाजला पाह्यजे, बाबा. आता तं डीजे बी नाई."

तेराचा कार्यक्रम भगवंतभाऊंच्या हट्टामुळे दुपारी साडेचारला ठेवला होता. एप्रिलमध्ये अमरावतीत साडेचारला मांडवात बसणं म्हणजे काय, ते बसणाऱ्याला कळतं. मी सहा सुचवलं होतं, पण समितीनं एकमतानं नाकारलं. "सव्वासहाले कार्यक्रम खतम झालाच पाह्यजे," हा ठराव झाला. इतकी शिस्त मी आमच्या ऑफिसातही पाहिली नव्हती.

पण प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले आणि वेळेचं महत्त्व या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. ते बसले तेव्हा सहा चाळीस झाले होते. मांडवात चुळबुळ सुरू झाली. करिश्मा मंचावर आली. मंच आमच्याच दारापुढे, वीज आमच्या घरातली आणि अर्थिंगची ती जाड तार फाटकातून आत अंगणातल्या नळापर्यंत गेलेली. पुढच्या रांगेत सुंदराबाई पांढऱ्या नव्या लुगड्यात बसल्या होत्या. पहिला सूर उमटला, आणि सगळा मांडव शांत झाला. इतका स्वच्छ सूर! पाहुण्यांनी पंखा हलवायचं थांबवलं.

दुसऱ्या कडव्याला भगवंतभाऊंच्या घरची मंडळी उठली. "गॅसवर दूध ठेवलं हाये," असं त्यांची सून पुटपुटली. मग नागसेनसरांच्या बाई उठल्या. त्यांचंही दूध होतं. मग डावीकडच्या तीन, उजवीकडच्या चार. त्या संध्याकाळी आमच्या बावीस घरांच्या गल्लीत इतकं दूध गॅसवर होतं की एक डेअरी चालली असती. आणि एकेक बाई उठून गेली की पेटीत एकेक भुंगा शिरत होता. आधी नुसती कुजबुज, मग घरघर, मग चक्की. करिश्माचा आवाज वर आणि खाली हे दळण. तिनं वाजवणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

तार कुठे सुटली की काय, म्हणून मी ती हातात धरून तिच्या मागे मागे निघालो. फाटकातून आत, अंगणात, नळापाशी. तिथं माया उभी होती. तिची खुर्ची केव्हा रिकामी झाली ते मी पाहिलंच नव्हतं. तिच्या पायाशी कपड्यांचं मोठं प्लास्टिकचं टोपलं उपडं घातलेलं होतं, आणि त्याच्याखालून हुबेहूब माझ्या ॲम्प्लिफायरचा आवाज येत होता.

"तुमी अथी काहून आले?" माया म्हणाली.

मी टोपलं उचललं. खाली नळाला जोडलेली छोटी मोटार थरथरत होती.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाले. पानी गेलं की काढून ठेवा लागते." ती पदराशी चाळा करत राहिली. "तुमी पान्याच्या ऑफिसातले. लोक काय म्हनतीन? म्हून तुमाले नाई सांगतलं. तुमची इज्जत हाये ना!"

"आणि बाकीचे?"

"समद्यायकडे हायेत. समद्यायले माहीत हाये. फक्त तुमाले माहीत नाई. तुमचा डब्बा वाजला की मोटारीचा आवाज रस्त्यावर जात नाई, म्हून तं लोक म्हनत, वाजवा."

माणसाच्या डोक्यात एकाच वेळी इतक्या गोष्टी उजळू नयेत. सगळ्या गल्लीच्या मोटारी एकाच लोखंडी पाइपाला लागलेल्या, जुन्या, ओल्या, प्रत्येकीची थोडी थोडी वीज पाइपात झिरपणारी. पहिल्या दिवशी नुसती आमच्याच मोटारीची घरघर घरच्या विजेच्या तारेतून आली होती. आणि मी पाइप घासून, जाड तांब्याची तार आवळून, ती सगळी गुरगुर सन्मानानं गिटारमध्ये आणून सोडली होती. एक दिवसाआड, साडेसहाला. हे वेळापत्रक मी स्वतः टाइप केलं होतं, खाली सहीसुद्धा माझी होती. बायकोनं माझ्या कलेला दिलेली साथ आठवली आणि कान तापले.

मी आमची मोटार बंद केली. बाहेर गुरगुर किंचित उतरली, फार नाही. मग मी मंचावर जाऊन माइक घेतला आणि ऑफिसच्या भाषेत म्हणालो, "ज्या नागरिकांच्या घरी नळाला मोटार जोडलेली असेल, त्यांनी कृपया गाणं होईपर्यंत बंद ठेवावी."

कुणी हललं नाही. भगवंतभाऊ इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मोटार? कोनाकडे हाये मोटार? आपली गल्ली तं आदर्श हाये, सायेब."

सगळे गंभीरपणे मान हलवू लागले. आदर्श गल्लीची पाटी समोरच होती, सौजन्यासकट. गप्प बसलो असतो तर माझं नाव तिथं राहिलं असतं. पण करिश्मा गिटार धरून तशीच उभी होती आणि तिच्या गाण्यात तळं होतं, सगळ्यांना सारखं पाणी होतं. मी घरात गेलो, मोटार नळापासून सोडवली, गळणाऱ्या पाण्यासकट दोन्ही हातांत धरून आणली आणि मंचावरच्या टेबलावर, पाहुण्यांच्या पुष्पगुच्छाशेजारी ठेवली.

"ही माझ्या घरची," मी म्हणालो. "चार वर्षं झाली. मी पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे."

 मोटारीतून पाणी टेबलावर, टेबलावरून पाहुण्यांच्या बुटांवर ठिबकत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि मग भगवंतभाऊ सावकाश उठले. "दूध उतू गेलं असंन बाप्पा," असं म्हणून घरात गेले. पेटीतला एक भुंगा बंद झाला. नागसेनसर उठले, "आमचं बी उतू गेलं असंन." दुसरा भुंगा बंद झाला. मग सगळ्यांचंच दूध उतू जाऊ लागलं. घरोघरी माणसं जात होती, परत येऊन मुकाट्यानं बसत होती, आणि दर माणसामागे आवाज एकेक पायरी स्वच्छ होत होता. कबुली एकानंही दिली नाही. पण शेवटचा माणूस खुर्चीत बसला तेव्हा पेटी इतकी शांत होती की आतल्या व्हॉल्व्हचा केशरी उजेडच काय तो दिसत होता.

करिश्मानं पहिल्यापासून सुरुवात केली. मी गाण्यातला जाणकार नाही, आणि बाप म्हणून माझं मत धरू नये, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत पुष्कळ जणांचे रुमाल बाहेर आले होते. आणि त्याच वेळी सुंदराबाई एकदम ताठ झाल्या. मान वळवून गल्लीच्या टोकाकडे कान लावला. मग हातानं गुडघा दाबत उठल्या.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काकी, तुमचं बी दूध हाये काय?"

"नाई वं," सुंदराबाई म्हणाल्या. "माह्या बकेटीत पानी पडून राहिलं."

तेवढ्यात गाणं संपलं. त्या शांततेत आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. दूर, शेवटच्या घरात, रिकाम्या बकेटीवर बारीक धार वाजत होती. सुंदराबाई धावायच्या वयाच्या नाहीत, पण धावल्या.

कुणीतरी हळूच खुर्ची मागे सरकवली. गाणं झालं होतं, पाणी अजून अर्धा तास होतं आणि प्रत्येकाच्या मनात आपापली टाकी होती. माझ्याही मनात होती, खोटं कशाला बोलू. मी करिश्माकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिला सूर धरला. गाणं चालू असताना उठायचं कसं? भगवंतभाऊ बसले. सगळे बसले.

ते गाणं तिनं त्या संध्याकाळी पाच वेळा वाजवलं. पाहुणे निघून गेले, दिवे लागले, सरबत संपलं. पाचव्या वेळेला गल्लीच्या टोकाकडून सुंदराबाई आल्या. नवं लुगडं कोपरापर्यंत भिजलेलं होतं. मंचाशी उभ्या राहून त्यांनी हात वर केला.

"झालं वं पोरी," त्या म्हणाल्या. "आता थांब. भांडे सरले."